सोनेरी सकर आणि ॲक्रिलिकची पेटी: मासा पकडण्याच्या सापळ्याचा तेरा दिवसांचा अनुभव

क्रॉफर्ड मार्केटच्या मत्स्यदुकानांच्या ओळीतून मी मासा पकडण्याची ॲक्रिलिकची पेटी ८५० रुपयांना विकत घेतली, त्याला आता दोन महिने झाले. पेटीवर निर्मात्याचे नाव आहे. परंतु याच आराखड्याच्या पेट्या तीन-चार वेगवेगळ्या नावांनी विकल्या जात असल्यामुळे मी ते इथे देत नाही. जे लिहिते आहे ते त्या आराखड्याविषयी आहे, आणि ज्यांच्या शोभेच्या माशांच्या टाकीत लाकूड, दगड व मुळे धरलेल्या वनस्पती आहेत आणि त्यातून एकच मासा वेगळा काढायचा आहे, त्यांच्यासाठी आहे. ज्यांच्या टाकीत नुसती खडी आणि प्लास्टिकची झाडे आहेत त्यांनी ही पेटी घेऊ नये. त्यांचे काम दोन जाळ्यांत होते, आणि दोन्ही जाळ्या मिळून दीडशे रुपयांच्या आत येतात.

आमची टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. तिच्यात चार एंजल मासे, दहा रमी नोज टेट्रा हे छोटे मासे आणि सहा कोरी हे तळाशी फिरणारे मासे आहेत. मधोमध ड्रिफ्टवुडचा एक मोठा ओंडका असून त्यावर अनुबियास आणि जावा फर्न या पाणवनस्पती चार वर्षांपासून चिकटून वाढत आहेत. या टाकीत दोन वर्षांपूर्वी ‘काचेवरचे शेवाळ खाणारा’ म्हणून एक सोनेरी मासा आला. दुकानात त्याला नुसते ‘गोल्डन सकर’ म्हणत होते. त्या वेळी तो जेमतेम बोटभर होता आणि दिवसभर काचेला तोंड लावून प्रामाणिकपणे काम करीत असे.

हा मासा म्हणजे चायनीज अल्गी ईटर. नावात चीन असला तरी तो मुख्यतः मेकाँग आणि चाओ फ्राया या आग्नेय आशियातल्या नद्यांच्या खोऱ्यांतला आहे, आणि त्याचा सोनेरी रंग मत्स्यपालन केंद्रांत जोपासलेला आहे. त्याच्या कल्ल्यांच्या वरच्या बाजूला पाणी आत घेण्यासाठी वेगळी फट असते, त्यामुळे वाहत्या पाण्यात दगडाला तोंड घट्ट चिकटवून ठेवूनही त्याला श्वास घेता येतो. नदीत ही सोय फार उपयोगाची आहे. टाकीत मात्र हाच मासा २५ सेंटिमीटरच्या पुढे जाऊ शकतो, वाढत्या वयाबरोबर त्याची शेवाळाची गोडी कमी होते आणि स्वतःच्या हद्दीची जाणीव वाढते. एंजल किंवा डिस्कस यांच्यासारख्या चपट्या, संथ माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला शेवाळाहून अधिक आवडू लागतो. विकणाऱ्याने यातले काही सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

आमच्या सर्वांत मोठ्या एंजलच्या डाव्या कुशीवर रुपयाच्या नाण्याएवढा फिकट डाग दिसू लागला तेव्हा मला बुरशी वाटली. मी आठ दिवस मिठाचे पाणी केले, मग मिथिलीन ब्लू आणले. डाग भरून येई आणि दोन दिवसांनी शेजारी दुसरा उमटे. एके दिवशी पहाटे साडेपाचला चहा ठेवायला उठले असताना टाकीचा दिवा न लावता सहज पाहिले, तर एंजल झाडामागे तिरपा होऊन स्तब्ध उभा होता आणि त्याच्या कुशीला तो सोनेरी मासा लोंबल्यासारखा चिकटलेला होता. एंजलने अंग झटकले की तो सुटे, अर्धी प्रदक्षिणा घेई आणि पुन्हा त्याच जागी तोंड लावी. तोपर्यंत तो १४ सेंटिमीटरचा झाला होता.

जाळीने पकडण्याचा प्रयत्न आधी केला, त्याचे वर्णन थोडक्यात करते. जाळी पाण्यात शिरल्याबरोबर तो ओंडक्याखालच्या पोकळीत गेला आणि पाऊण तासात एकदाही बाहेर आला नाही. मी मात्र अनुबियासची एक जुडी उपटली, पाणी गढूळ केले, आणि घाबरलेल्या एंजलने उडी मारून झाकणावर डोके आपटून घेतले. त्यानंतर दोन लिटरच्या पाण्याच्या बाटलीचा गळा कापून तो उलटा बसवून घरगुती सापळा केला. त्यात पहिल्या रात्री सहा टेट्रा आणि दोन कोरी सापडले. ज्याच्यासाठी हा खटाटोप चालला होता तो बाटलीवर बसून होता. बाटलीचा दोष उघड आहे. कोणाला आत घ्यायचे ते बाटलीला कळत नाही, आणि जो आत गेला तो सकाळपर्यंत थोड्याशा कोंडलेल्या पाण्यात राहतो. दाराची दोरी आपल्या हातात असलेल्या सापळ्याचे महत्त्व इथेच आहे.

पेटीची रचना सोपी आहे. आतून २५ सेंटिमीटर लांब, १२ रुंद आणि १२ उंच अशी पारदर्शक पेटी, एका टोकाला खाचांतून वर-खाली सरकणारे दार, दुसऱ्या टोकाला छतातून आत उतरणारी खाद्याची नळी, काचेला चिकटवण्यासाठी दोन सक्शन कप आणि मीटरभर नायलॉनची दोरी. पाणी खेळते राहावे म्हणून मागच्या भिंतीला बारीक भोके आहेत. सूचनापत्रक नाही. पेटी ज्या खोक्यात येते त्यावर चार चित्रे आहेत, आणि चौथ्या चित्रात दार पडलेले असून आतला मासा हसतो आहे. दुकानदाराने तर ‘‘ताई, दहा मिनिटांत मासा आत’’ असे खात्रीने सांगितले होते.

प्रथम चांगले काय ते सांगते, कारण ते खरोखर चांगले आहे. खाद्याची नळी हा या पेटीतला सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग आहे. पाण्यात हात न घालता वरून गोळी सोडली की ती पेटीच्या थेट मागच्या टोकाला पडते. म्हणजे मासा खाण्यासाठी पूर्ण आत येतो, शेपटी दारात ठेवून घास पळवू शकत नाही. जोड स्वच्छ आहेत, कुठे गोंद ओघळलेला नाही. पाण्यात बुडाल्यावर पेटी काचेच्या टाकीत बऱ्यापैकी दिसेनाशी होते, कारण ॲक्रिलिक आणि पाणी यांच्यातून प्रकाश वळण्याच्या प्रमाणात हवा आणि ॲक्रिलिक यांच्याइतके अंतर नसते. कडा मात्र दिव्याखाली चमकतात, म्हणून पेटी दिव्याच्या थेट खाली न ठेवता झाडांच्या सावलीत ठेवावी.

आता दाराविषयी. हा सापळ्याचा प्राण आहे, आणि निर्मात्याने सर्वांत कमी विचार त्याचाच केला आहे. दार १२ सेंटिमीटर चौरस व तीन मिलिमीटर जाड आहे. म्हणजे त्याचे हवेतले वजन सुमारे ५० ग्रॅम भरते. परंतु ॲक्रिलिक पाण्यापेक्षा किंचितच जड असल्यामुळे पाण्यात त्या दाराला खाली ओढणारे वजन आठ ग्रॅमच उरते. इतके हलके दार खाचांतून उतरताना जरा जरी तिरपे झाले तरी अडकते, आणि न अडकले तरी ते पडत नाही, सावकाश उतरते. माशाच्या दोन्ही कुशींवर पार्श्वरेषा नावाचे इंद्रिय असते आणि पाण्यातली बारीकशी हालचालही त्याला तिच्यामुळे जाणवते, हे शाळेच्या पुस्तकात आहे. दार हलले की पाणी ढकलले जाते, आणि मासा दार बघायला थांबत नाही. सक्शन कपांविषयी तक्रार लहान आहे: काच आतून स्पिरिटशिवाय, नुसत्या कपड्याने खरवडून पुसली नाही तर ते दोन तासांत सुटतात. दोरीविषयीची तक्रार मोठी आहे. ती गुंडाळीतच राहू पाहते, आणि मीटरभर लांबीची असल्यामुळे माणसाला टाकीला नाक लावून उभे राहावे लागते. ज्या माशाला दिवसभर आपल्याकडे पाहायची सवय आहे, त्याला ही उपस्थिती पुरेशी बोलकी असते.

रविवारी सकाळी पेटी टाकीत बसवली. आत अडकलेले हवेचे बुडबुडे निघून जाईपर्यंत ती तरंगू पाहते, म्हणून आधी बादलीत तिरपी बुडवून घ्यावी. पहिल्या दिवशी टेट्रा अर्ध्या तासात आत-बाहेर करू लागले, संध्याकाळी कोरी आले, आणि सर्वांत लहान एंजलने तर आतच मुक्काम ठोकला. सोनेरी मासा फिरकला नाही. दुसऱ्या दिवशी मी बाहेर खाणे टाकणे बंद केले. निरोगी मोठे मासे दोन-तीन दिवस उपाशी राहिल्याने काही बिघडत नाही, आणि या कामात उपासाचा उपयोग आमिषापेक्षा जास्त होतो. तिसऱ्या दिवशी तो पेटीजवळ आला, छतावर बसला आणि तिथे नुकत्याच धरलेल्या शेवाळाच्या पातळ थराला तोंड लावून दुपारपर्यंत चरत राहिला. जी पेटी त्याला पकडायला आणली होती, तिचे छत त्याने विनातक्रार स्वच्छ करून दिले. चौथ्या दिवशी मी काकडीची चकती दोन मिनिटे उकळून, गार करून, नळीच्या तोंडाखाली ठेवली. काकडी कच्ची टाकली तर तरंगते आणि तिला चव सुटायला वेळ लागतो.

शुक्रवारी, म्हणजे सहाव्या दिवशी सकाळी सात वाजता तो काकडीवर होता. संपूर्ण आत, पाठ दाराकडे. मी दोरी सोडली. दार चार बोटे उतरले, डाव्या खाचेत तिरपे झाले आणि तिथेच राहिले. त्याने एकदा मागे पाहिल्यासारखे केले, दाराखालच्या फटीतून निघाला आणि ओंडक्याखाली गेला तो दिवसभर दिसला नाही. सासूबाई मागे उभ्या होत्या. ‘‘शिंकं तुटायची वाट बघणाऱ्या बोक्यासारखी सहा दिवस बसलीस, आणि शिंकं अर्ध्यावरच अडकलं होय गं?’’ एवढेच बोलून त्या देवपूजेला गेल्या.

दोष समजला होता, म्हणून शनिवारी पेटी बाहेर काढून दुरुस्त केली. ही दुरुस्ती ग्राहकाने करावी लागू नये असे माझे स्पष्ट मत आहे, परंतु ती अर्ध्या तासाची आहे. दोन्ही खाचांतून चारशे नंबरचा पॉलिश पेपर दुमडून, ओला करून वीस-वीस वेळा फिरवला, आणि दाराच्या उभ्या कडांवरूनही फिरवला. दाराच्या खालच्या कडेजवळ तापवलेल्या सुईने दोन भोके पाडून स्टेनलेस स्टीलचे दोन वॉशर, मिळून २० ग्रॅमचे, बांधले. स्टील पाण्यात फारसे वजन गमावत नाही, त्यामुळे दाराचे पाण्यातले वजन तिप्पट झाले. जस्ताचा मुलामा दिलेला साधा वॉशर किंवा शिशाचा तुकडा इथे वापरू नये. दोन्ही माशांना घातक आहेत. मूळ दोरी टाकून देऊन गळाची तंगूस चार मीटर घेतली, आणि ती टाकीच्या झाकणाच्या कडेवरून वळवून जेवणाच्या टेबलापर्यंत आणली. बादलीत दहा वेळा दार पाडून पाहिले. दहाही वेळा ते एका दमात तळाला टेकले.

पेटी रविवारी पुन्हा आत गेली आणि त्यानंतरचे चार दिवस काहीही झाले नाही. एकदा चुकलेला डाव मासा विसरतो, असे मी आजवर समजत होते. चौथ्या दिवसापर्यंत हा मासा पेटीच्या तोंडापर्यंत येई, दाराच्या रेषेवर थांबे आणि मागच्या मागे परते. या दिवसांत मी दोरीला हातही लावला नाही. दार वर बांधलेले, काकडी रोज सकाळी ताजी, आणि संध्याकाळी उरलेली बाहेर. काकडी बारा तासांहून जास्त ठेवली तर मऊ होऊन पाणी खराब करते. या पेटीविषयी मला एकच गोष्ट सांगायची झाली तर ती हीच की पहिले तीन-चार दिवस दोरी बांधून ठेवावी आणि पेटी हे टाकीतले एक जेवणघर आहे असे सर्वांना वाटू द्यावे. माझी पहिली खेप दारामुळे फसली, आणि दार ठीक असते तरी माझ्या घाईने ती कदाचित फसवलीच असती, कारण पहिल्या दिवसापासून मी दर तासाला दोरी ओढून पाहत होते.

तेराव्या दिवशी, शुक्रवारीच, सकाळी सव्वासातला तो आत गेला. त्याच्यासोबत दोन टेट्रा होते. मी टेबलावरूनच तंगूस सोडली. दार पडल्याचा टक्क असा आवाज काचेतून बाहेर ऐकू आला. त्याने आधी दाराला धडक दिली, मग छताला, आणि मग मागच्या भिंतीला तोंड चिकटवून गप्प बसला, जणू काही तिथे शेवाळ असावे.

यापुढचा भाग खोक्यावरच्या चित्रांत नाही. भरलेल्या पेटीत साडेतीन लिटरहून अधिक पाणी असते आणि मागची भोके इतकी बारीक आहेत की ते लवकर निथळत नाही; म्हणजे जवळपास चार किलोचे ओझे निसरड्या हातांनी टाकीच्या काठावरून पार करायचे असते. दाराला कडी नाही. पेटी जरा पुढे झुकली की दार सरकते. मी एका हाताचा अंगठा दारावर दाबून धरला, दुसरा हात तळाखाली घातला, आणि पेटी हळूहळू वर घेत अर्धे पाणी टाकीतच निथळू दिले. शेजारी टाकीच्याच पाण्याने अर्धी भरलेली, झाकण असलेली बादली तयार होती. हे झाकण अनावश्यक समजू नये; बादलीत गेल्यावर पहिल्या मिनिटातच त्याने आतून दोनदा उडी मारली. दोन्ही टेट्रा प्लास्टिकच्या पेल्याने उचलून परत टाकीत सोडले. निर्मात्याने दाराला एक साधी खटकी दिली असती, तर मी या पेटीला मनापासून चांगली म्हटले असते.

पेटी कोणासाठी आहे, याचा विचार माशाच्या स्वभावावरून करावा. टायगर बार्बसारखा अधाशी आणि धीट मासा, किंवा इतरांना छळणारा एखादा सिक्लिड, दुरुस्त केलेल्या पेटीत पहिल्या दिवशीही सापडू शकेल. जे मासे रात्रीच बाहेर पडतात, म्हणजे काळा सकर किंवा कुली लोच, त्यांच्यासाठी दोरी धरून अंधारात बसावे लागेल. तिथे बाटलीचा सापळाच बरा, रात्रीतून दोन वेळा पाहण्याची तयारी ठेवून. २० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या माशाला ही पेटी लहान आहे. आणि दिवसा चपळ असलेल्या, पण रात्री काचेजवळ निपचित पडणाऱ्या माशासाठी विजेरी आणि दोन जाळ्या पुरतात: मोठी जाळी स्थिर धरायची आणि छोट्या जाळीने मासा तिच्याकडे हाकायचा. पाणी उतरवून पकडायचे ठरवले तर आधी हीटर आणि फिल्टर बंद करून हीटर गार होऊ द्यावा, नाहीतर तो उघडा पडून तडकतो, आणि काढलेले पाणी फेकून न देता भरून ठेवावे. क्लाउन लोचला मात्र जाळी लावू नये. त्याच्या डोळ्यांखाली काटा असतो आणि तो जाळीत अडकला की सोडवताना माशाचे आणि आपल्या बोटांचे, दोघांचेही हाल होतात.

मासा पकडल्यानंतर तो कुठे जाणार, हे मी पेटी विकत घेण्यापूर्वी ठरवले होते, आणि प्रत्येकाने ठरवावे. आम्ही ठाण्याचे, घरातून निघून दहा मिनिटांत मासुंदा तलावावर पोहोचता येते, आणि ‘‘तलावात सोडून द्या की’’ असे मला निदान चौघांनी सुचवले. परदेशी मासा तलावात सोडणे म्हणजे त्याला मोकळे करणे नव्हे. मूळचा आफ्रिकेतला, १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया आज उजनी धरणाच्या पाण्यात चिलापी या घरगुती नावाने इतका माजला आहे की तो तिथला मूळचा नाही हे अनेकांना सांगूनही पटत नाही. दुकानांत काचा साफ करणारा म्हणून मिळणारा काळा सकर पूर्व कोलकात्याच्या पाणथळींत आणि आंध्रच्या मत्स्यतळ्यांत पसरून मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. त्याची सुरुवात अशाच कोणाच्या तरी टाकीतून झाली असणार. आमचा मासा बदलापूरच्या एका परिचितांकडे गेला. त्यांच्या पाच फुटी टाकीत चपट्या अंगाचा एकही मासा नाही, सगळे बार्ब आणि तेही याच्याहून चपळ. एक तृतीयांश पाणी आणि बाकी हवा भरलेल्या दुहेरी पिशवीत, वर वर्तमानपत्र गुंडाळून, तो दुपारच्या लोकलने गेला. शेजारी बसलेल्या बाईंनी पिशवीत काय आहे असे विचारल्यावर मी मासा म्हटले, आणि त्यांनी सुरमई कितीला मिळाली ते विचारले.

एंजलच्या कुशीवरचा शेवटचा डाग पंधरा दिवसांत भरला. काचेवर आता शेवाळ धरते आणि मी ते जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने आठवड्यातून एकदा खरवडते. पेटी सध्या आमच्याच इमारतीतल्या चौथ्या मजल्यावर आहे. तिथल्या काकांना गप्पींच्या टाकीतून एक टायगर बार्ब काढायचा आहे. वॉशर आणि तंगूस मी तशीच ठेवून दिली आहे, फक्त दाराला अंगठा लावायला विसरू नका असे दोनदा सांगून आले.